फुंकरीचं शून्य

मी भित्री बाई आहे, आणि या एका गुणावर मी सव्वीस वर्षं पगार घेतला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात आम्ही ताप आणि रक्तदाब मोजायची यंत्रं बनवायचो. माल बाहेर पडण्याआधी त्याच्यावर शेवटची सही माझी असायची. सही करताना रोज पोटात गोळा यायचा. हे यंत्र कुठल्यातरी घरात तापानं फणफणलेल्या पोराच्या काखेत जाईल आणि चुकीचा आकडा दाखवील, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहायचं. मग शंभरातली पाच यंत्रं तपासायचा नियम असला, तर मी पंधरा तपासत असे. तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारी बाई, असं माझ्या पाठीमागे बोललं जायचं. ते मला ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता.

पुढे कारखाना परराज्यात गेला आणि मी नागपूरच्या एका विज्ञानसंस्थेत आले. तोवर नवा नियम निघाला होता. पीएच.डी. करणाऱ्या मुलांनी प्रबंधाबरोबर कंपनीही काढून दाखवली, तर त्यांची शिष्यवृत्ती दीड वर्षानं वाढायची आणि शोध त्यांच्या नावावर राहायचा. नाही जमलं, तर शोध संस्थेचा. त्यासाठी संस्थेनं एक उद्योगकक्ष काढला होता. ज्यांनी आयुष्यात कधी जुनी सायकलसुद्धा विकली नव्हती अशा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोरांना बाजारात उभं करायचं, असं तिथलं काम. सगळी संस्था त्या कक्षाला पाळणाघर म्हणायची आणि मी तिथली दाई.

कक्षाचे प्रमुख श्रीकांत पांढरीपांडे. माणूस मनानं चांगला, पण त्यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. मला नेमताना ते म्हणाले होते, की इथे धाडस पोत्यानं आहे, घाबरणारं एक माणूस हवं आहे. पण माझ्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘आधी उतरा, मग पोहायला शिका.’ त्या भिंतीखाली वर्षभर बसलं की माणूस बदलतो. मीही बदलले. माझ्या आयुष्यात एकदाच, वर्ष-सव्वा वर्ष, मी घाबरायची थांबले होते, आणि हे सगळं त्याच काळात झालं.

*

विशाखा मेश्राम भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची. अंगानं काटकुळी आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला जागा न ठेवणारी. तिचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. ती दहावीत असताना ते यकृताच्या आजारानं गेले. कधीकाळची कावीळ आत दबा धरून बसली होती. पोट फुगलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी यायला हवं होतं. मास्तरांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी गाव म्हणालं, लपूनछपून घेत असतील.

त्या आजारपणात विशाखाच्या आईला एक सवय लागली. रोज सकाळी नवऱ्याला खिडकीपाशी न्यायचं, बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि पांढरा भाग किती पिवळा झाला ते बघायचं. नवरा गेला, पण सवय राहिली. घरी कुणीही आलं की पाण्याच्या पेल्याआधी त्याला खिडकीशी नेऊन ती पापणी ओढून बघते. ‘माझ्या मैत्रिणी म्हणून तर घरी येत नाहीत मॅडम,’ असं विशाखा हसत सांगायची. हसून सांगायची तरी सांगताना तिचा हात स्वतःच्या डोळ्याकडे जायचा.

तिचा शोध मला तिनं पहिल्याच दिवशी समजावला, तोही संत्रं सोलता सोलता. संत्र्याच्या सालीला जो वास असतो तो लिमोनीन नावाच्या द्रव्याचा. आपलं शरीर ते बनवत नाही, खाण्यातून ते पोटात जातं. यकृत धडधाकट असलं की तासाभरात त्याची विल्हेवाट लावतं. यकृत थकलेलं असलं, की लिमोनीन रक्तात फिरत राहतं, तिथून फुप्फुसात येतं आणि श्वासातून बाहेर पडतं. यकृताची मोठी खोड अशी, की ते अर्ध्याहून अधिक निकामी होईस्तोवर तक्रार करत नाही. माणूस मजेत हिंडत असतो, आणि त्याचा श्वास मात्र चहाडी करत असतो.

ती चहाडी ऐकणारी पेटी विशाखानं बनवली. जेवणाच्या डब्याएवढी. आत एक पट्टी, तिच्यावर केसाहून पातळ असा लेप. लिमोनीनचे कण लेपाला चिकटले, की त्यातून जाणारी वीज बदलते. माणसानं संत्र्याच्या तेलाची एक गोळी गिळायची, तासभर बसायचं आणि पेटीत फुंकायचं. हिरवा दिवा लागला तर घरी जा, लाल लागला तर जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपास. पेटीचं नाव आम्ही ठेवलं, ‘फुंकर’.

आता यातली नाजूक जागा सांगते, कारण सगळं तिथेच घसरलं. निरोगी यकृतसुद्धा सगळं लिमोनीन संपवत नाही, थोडं श्वासात उरतंच. किती उरलं तर चालेल? ती रेघ पेटीला कुणीतरी दाखवावी लागते. निरोगी माणसांनी फुंकायचं आणि पेटीनं म्हणायचं, हे माझं शून्य. यापेक्षा फार जास्त आलं तर मी लाल होणार. शंभर रुग्ण तपासले काय, लाख तपासले काय, सगळ्यांना त्या शून्याशीच जोखायचं.

आणि निरोगी माणसं आणायची कुठून? प्रयोगशाळांमध्ये याची एक जुनी रीत आहे. रुग्णांचे नमुने दवाखान्यातून येतात. निरोगी नमुना लागला, की शेजारच्या टेबलावरच्या मित्राला बोलवायचं. रक्त हवं असेल तर त्यानं बाही वर करायची, लाळ हवी असेल तर नळीत थुंकायचं. तरुण पोरं, व्यसन नाही, शोधायला जावं लागत नाही. जगातल्या निम्म्या तपासण्या अशा पोरांच्या जिवावर ‘निरोगी’ या शब्दाचा अर्थ ठरवत असतील. विशाखानंही तेच केलं. सुरुवातीला सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, यकृतं उत्तम निघाली, आणि पहिल्या वीस पेट्यांचं शून्य त्यांच्या श्वासावर लागलं. तिथवर सगळं चोख होतं.

*

मग कंपनी झाली. विशाखा धरून अकरा मुलं तिच्यात आली आणि त्यांना जागा हवी झाली. उपाहारगृहामागची एक कोठी रिकामी होती. पट्टीवरचा लेप पसरायला एक द्रावक लागतं, मुलं त्याला डीएमएफ म्हणतात. पाण्यासारखं दिसतं, जरासा मासळीसारखा वास येतो, आणि ते हाताच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातं. त्याच्याशी काम करायचं तर काचेचं दार असलेलं, धूर बाहेर ओढून नेणारं मोठं कपाट लागतं. ते मागवलं होतं, पण येता येत नव्हतं. पांढरीपांडे म्हणाले, खिडकी आहे, भिंतीत पंखा बसवू, महिनाभराचा तर प्रश्न आहे. मी त्या कागदावर सही केली. पुढे चौदा महिने ते कपाट आलं नाही.

त्या चौदा महिन्यांत मुलांनी लेप बदलला, कारण पहिला लेप पावसाळी हवेत फुगायचा. नवा लेप म्हणजे शून्य नव्यानं लावणं आलं. नियमानं दोनशे निरोगी माणसं हवीत आणि प्रत्येकाचा रक्ताचा ताजा अहवाल हवा. त्याला चार महिने लागले असते. चारशे पेट्या तीन जिल्ह्यांच्या आरोग्यकेंद्रांत सहा आठवड्यांत द्यायच्या होत्या. विशाखानं माझ्यापुढे कागद ठेवला. निरोगी श्वास तीनशे तीस. मी विचारलं, माणसं किती? ती म्हणाली, आम्हीच अकरा, प्रत्येकी तीस वेळा. रक्ताचे अहवाल? आहेत ना मॅडम, सुरुवातीचे.

कारखान्यात असते तर तो कागद मी तिच्या अंगावर भिरकावला असता. तीन महिन्यांहून जुना अहवाल माझ्या लेखी रद्दी होता आणि अकरा माणसांनी हजार वेळा फुंकलं तरी ती अकराच राहतात. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मागच्या भिंतीवर ती अक्षरं होती, समोर मास्तरांची मुलगी होती, आणि आयुष्यात एकदा तरी आपण अडवणारी बाई नसावं असं मला फार वाटलं. मी सही केली. त्या दिवशी पोटात गोळासुद्धा आला नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

पेट्या गेल्या. आठ महिन्यांत अडतीस हजार लोकांनी फुंकर मारली. पवनीत पेटी लागली त्या दिवशी तर पेढे वाटले गेले. मुलं थकलेली दिसायची. विशाखाचा डबा अर्धा परत जाऊ लागला, दुपारी ती टेबलावर डोकं ठेवून पडायची. मी पांढरीपांड्यांना म्हटलं, तर ते म्हणाले की धंद्यात पडलेली पोरं थकणारच. मलाही ते पटलं.

*

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी साकोलीकडच्या एका आरोग्यकेंद्रातून टेंभुर्णे सिस्टरांचा फोन आला. त्या गुरुवारी आमचा मोठा समारंभ होता. बारा हजार पेट्यांचा करार, देशभर. त्यामुळे मी घाईत होते. सिस्टर म्हणाल्या, कोशाचं रेशमी कापड विणणारा एक चाळिशीचा माणूस आहे, मार्चमध्ये पेटीनं त्याला हिरवं सांगितलं होतं, काल त्याला रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात भरती केलं. यकृत गेलेलं आहे.

मी म्हटलं, कुठलंही यंत्र शंभरात एखाददोन वेळा चुकतं. हे वाक्य आम्ही सगळ्यांना पाठ करून दिलं होतं. सिस्टर म्हणाल्या, ‘तसं नाही मॅडम. आमच्याकडे पहिल्या वीसातली एक जुनी पेटी पडून होती. त्याच्या भावाले काल मी दोन्हीत फुंकायले लावलं. जुनी लाल म्हणते अन् नवी हिरवी म्हणून राहिली. आता मी लोकायले काय सांगू?’

एकच श्वास आणि दोन उत्तरं. याला चूक म्हणत नाहीत, याला शून्य घसरणं म्हणतात. मी त्यांना ती जुनी पेटी बसनं पाठवायला सांगितलं.

मंगळवारी अकरा वाजता ती जुनी आणि आमच्याकडची एक नवी, अशा दोन्ही पेट्या माझ्या टेबलावर होत्या. मी गोळी घेतली, तासभर बसले आणि दोन्हीत फुंकलं. दोन्हीवर हिरवा. मला जो सुटल्यासारखा आनंद झाला तो सांगायलाही वाईट वाटतं. तेवढ्यात विशाखा आली. गुरुवारच्या समारंभात मंचावर ती स्वतः फुंकणार होती. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाची ती रीतच होती. शोध लावणारीनं आधी स्वतः फुंकायचं, मागच्या मोठ्या पडद्यावर हिरवा दिवा उमटायचा आणि टाळ्या पडायच्या. त्याचा सराव म्हणून तिनं गोळी घेतलेलीच होती. मी तिला दोन्हीत फुंकायला सांगितलं.

नव्या पेटीवर हिरवा लागला आणि जुन्या पेटीवर लाल.

ती हसली. म्हणाली, जुनीची पट्टी दमट झाली असेल. मी म्हटलं, आत्ताच माझी हिरवी आली. तिनं पुन्हा फुंकलं, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा फुंकताना ती हसत नव्हती.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘नवीचं शून्य आमचंच आहे ना?’

‘हो.’

‘म्हणजे ती मला माझ्याशीच जोखून राहिली.’

ती उठून कोठीत गेली आणि द्रावकाची तपकिरी बाटली घेऊन आली. चौदा महिने ती बाटली सगळ्यांनी रोज हाताळली होती. लेबलावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, यकृतास घातक. विशाखा जगभरच्या यकृतांचं बोलायची, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिनं बाटली जुन्या पेटीशेजारी ठेवली आणि तिचा हात स्वतःच्या डोळ्याकडे गेला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की तिच्या बांगड्या मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकतात.

दुपारपर्यंत आम्ही त्या खोलीतल्या सगळ्यांना गोळी देऊन दोन्ही पेट्यांत फुंकायला लावलं. जुन्या पेटीवर अकरांतले नऊ लाल आले. एकानं विचारलं की घरी सांगायचं का. आधी रक्त तपासून या, मी म्हटलं.

*

बुधवारी विशाखाच्या रक्ताचा अहवाल आला. यकृताचा आकडा नेहमीच्या सहापट. डॉक्टर म्हणाले, त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू नका. यकृत मोठ्या मनाचं असतं, माफ करतं, पण इथे किती माफ करील ते आत्ता सांगता येत नाही. विशाखानं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, आईला अजून नका सांगू.

दुसरा हिशेबही त्याच दिवशी झाला. पेट्यांनी अडतीस हजार श्वासांचे मूळ आकडे जपून ठेवले होते. दोन्ही पेट्यांत फुंकलेल्या माणसांवरून जुन्या-नव्याचा फरक काढला आणि तो सगळ्या आकड्यांना लावला. हिरवं सांगून घरी पाठवलेल्यांपैकी अकराशेच्या आसपास लोक लाल निघाले. आजोबा, बाळंतिणी, शिक्षक, कंडक्टर. प्रत्येकापुढे गाव होतं आणि फोन नंबर होता. आम्ही त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला काही झालेलं नाही, आणि ते आमचं ऐकून निवांत घरी बसले होते. पेटीच नसती तर एखादा तरी पोट दुखलं म्हणून डॉक्टरकडे गेला असता. हा विचार मनात आला तेव्हा मी उठून तोंडावर पाणी मारून आले.

पांढरीपांडे त्या दिवशी मात्र बसले. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात बोलले. म्हणाले, गुरुवार पार पडू द्या. शून्य दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात, इथून पाठवलं की चारशे पेट्या आपोआप सुधारतील. मग ‘पुन्हा तपासणी मोहीम’ म्हणून त्या गावांत सगळ्यांना बोलवू, लाल येतील ते येतील, कुणाला कळणारही नाही. आत्ता बोललो तर फुंकर मेली. पुढच्या दहा वर्षांत जे लाखभर लोक वाचले असते, त्यांचं काय? त्यांचं बोलणं मूर्खपणाचं नव्हतं, हीच तर अडचण होती. मोहिमेला किती दिवस लागतील, मी विचारलं. तीन महिने, फार तर चार, ते म्हणाले. त्या विणकराकडे चार महिने होते का, हे मी विचारलं नाही.

का विचारलं नाही तेही सांगते. मला वर्तमानपत्रातलं माझं नाव दिसत होतं. सव्वीस वर्षं पोटात गोळा वागवून जपलेली सही, आणि तिच्याखाली अकराशे माणसं. मला भीती वाटत होती आणि ती भीती पहिल्यांदाच माझ्यासाठी होती. कारखान्यातली माझी भीती दुसऱ्यांसाठी असायची, हा फरक मला त्या खोलीत बसून कळला.

विशाखा खिडकीकडे बघत होती. ‘मॅडम, गुरुवार होऊ द्या ना,’ ती म्हणाली. ‘आई येऊन राहिली. तिनं बाबांनंतर एकही समारंभ पाहिला नाही.’

मी काहीच बोलले नाही, आणि न बोलणं हीच माझी तिसरी सही होती.

*

गुरुवारी सकाळी टेंभुर्णे सिस्टरांचा निरोप आला. त्यांनी एवढंच लिहिलं होतं : उद्या शिबीर आहे, एकशे चाळीस लोक येणार आहेत, जुनी पेटी तुमच्याकडे आहे, मी कोणती पेटी नेऊ?

मी तो निरोप कितीदा वाचला ते सांगता येणार नाही. तक्रार नव्हती, आरोप नव्हता. कामाची बाई कामाचं विचारत होती. मी जुनी पेटी पिशवीत घातली आणि सभागृहात गेले.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत विशाखाची आई बसली होती, ठेंगणी, अंगाभोवती पदर घट्ट धरलेली. मला पाहून उठली, नमस्कार केला, आणि तिचे डोळे सवयीनं माझ्या डोळ्यांवर थांबले. खिडकी जवळ नव्हती म्हणून मी सुटले. मुलगी बारीक झाली, ती म्हणाली, पण तिचं काम मोठं आहे ना, असंही तिनं स्वतःच जोडून दिलं. मला तिच्याशेजारी उभं राहवेना.

मंचावरच्या टेबलावर नवी पेटी फुलांमध्ये सजवून ठेवली होती. माणसं यायच्या गडबडीत मी वर गेले, जुनी पेटी पिशवीतून काढली आणि तिच्याशेजारी ठेवली. पडद्याकडे जाणारी तार दोन्हींना लागते. विशाखा बाजूच्या दाराशी उभी होती. तिनं मला ठेवताना पाहिलं. नुकतीच तिनं गोळी गिळली होती, तीही माझ्यासमोरच. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती, आणि सांगायचा हक्कही मी घालवून बसले होते. सिस्टरांचा निरोप फक्त तिच्या हातात दिला.

भाषणं झाली. पांढरीपांडे छान बोलले. मग विशाखाचं नाव पुकारलं गेलं. ती टेबलापाशी आली आणि दोन पेट्यांकडे बघत राहिली. एक चकचकीत, एक कोपऱ्यात पोचा आलेली. मी दुसऱ्या रांगेत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं तिनं नवी उचलावी. हिरवा दिवा लागावा, टाळ्या व्हाव्यात, आणि आम्ही सगळे जेवायला जावं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं माझं मन अगदी आईच्या मायेनं म्हणत होतं, आणि अशी माया किती घातकी असते ते मला तेव्हा कळलं.

विशाखानं तार जुन्या पेटीला जोडली आणि फुंकलं.

मागचा पडदा लाल झाला. सगळं सभागृह त्या उजेडात तांबूस दिसायला लागलं. कुणीतरी हसलं, निवेदक म्हणाला की तांत्रिक अडचण दिसते, थोडं थांबू या. पांढरीपांडे अर्धे उठले होते.

‘अडचण नाही,’ विशाखा म्हणाली. तिनं निवेदकाकडचा माईक घेतला. ‘ही जुनी पेटी आहे आणि ही खरं बोलून राहिली. माझं यकृत बिघडलेलं आहे. माझ्यासारख्यांच्या श्वासावर आम्ही नव्या पेट्यांचं शून्य लावलं, म्हणून त्यांनी अकराशे आजारी माणसांना निरोगी सांगितलं. त्यांची नावं आमच्याकडे आहेत. आज करार नको. आज फोन करायचे आहेत.’

ती एकटी उभी होती आणि तिच्या मागे तो लाल पडदा होता. मी उठले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, की त्या शून्यावरची सही माझी आहे आणि त्या खोलीच्या कागदावरचीही. एवढं बोलल्यावर मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही, पोटात तो जुना गोळा मात्र परत आला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून विशाखाची आई उठली. तिला मंचाच्या पायऱ्या सापडेनात, तेव्हा तिनं कडेला हात टेकून गुडघ्यावर चढायला सुरुवात केली. कुणीतरी तिला हात दिला. ती लेकीपाशी गेली, तिला खांद्याला धरून पडद्याकडे पाठ करायला लावली आणि मंचावरच्या पांढऱ्या दिव्याखाली आणलं. मग सगळ्या सभागृहासमोर तिनं बोटानं विशाखाच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि मान तिरकी करून निरखून पाहिलं. आधी एक डोळा, मग दुसरा. बारा वर्षांपूर्वी रोज सकाळी पाहायची तसंच.

माईक विशाखाच्या हातात तसाच होता, म्हणून आईचं बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

‘पिवळे नाही झाले अजून,’ ती म्हणाली, आणि पापणीवरचं बोट तिनं काढलं नाही.